उत्तर : ५ मीटर, ४.४ मीटर आणि ९२ यांपैकी नेमके काय धरावे?

तुमच्या प्रश्नातील तिन्ही आकडे माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, बंदराच्या जमिनीवर ४० मजली निवासी इमारतीचा अंतिम वर्षाचा प्रकल्प तुम्ही घेतला आहे. मिळालेल्या नकाशावर जागेची पातळी ५ मीटरच्या आसपास लिहिली आहे, भरतीच्या तक्त्यात ४.४ मीटर दिसते, एका जुन्या परवानगीपत्रात '९२' असे आहे, आणि परीक्षकांनी 'या अभ्यासातून इमारतीत काय उतरले?' असे विचारून शीट परत दिले आहे. तुम्ही सांगलीचे आहात हे वाचल्यामुळे उत्तर जरा सविस्तर लिहितो. मी स्वतः १३ वर्षे मुंबईत वास्तुविशारदांच्या कार्यालयांत नोकरी केली आणि आता सांगलीच्या विश्रामबागेत लहानसा व्यवसाय करतो. सध्या माझ्या हातून ४० मजले तर सोडाच, ७ मजलेही क्वचितच होतात. त्यामुळे नियमांचे ताजे तपशील माझ्याकडून घेऊ नका. जे सांगतो आहे ते पातळ्यांविषयी आहे, आणि त्याची किंमत मी मोजलेली आहे.

सूर्याची दिशा, रस्त्यांची रुंदी, झाडे, बसथांबे यांवर मी काही लिहिणार नाही. ते तुम्ही केलेले दिसते आणि बरे केलेले दिसते. खरी अडचण अशी आहे की तुमच्या हातातील तीन आकडे कोणकोणत्या शून्यापासून मोजलेले आहेत हे न तपासता तुम्ही त्यांची एकमेकांशी वजाबाकी करीत आहात.

हे सांगलीकराला समजावणे सोपे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा कोणाच्याही दारात ५७ फूट पाणी नव्हते. ते पुलाच्या पट्टीवरचे ५७ फूट होते, आणि त्या पट्टीचे शून्य नदीच्या पात्रात आहे. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका हे आपल्याला पाठ असते. पण सूर्यवंशी प्लॉटमधील माणूस आणि टिळक चौकातील माणूस तोच आकडा ऐकून वेगवेगळ्या वेळी सामान वर चढवतात, कारण प्रत्येकाला आपला उंबरा त्या पट्टीवर कुठे येतो हे अनुभवाने माहीत असते. मुंबईच्या बंदरात नेमके हेच करायचे आहे. फरक इतकाच की तिथे पट्ट्या अनेक आहेत आणि कागदावर कोणती पट्टी वापरली हे लिहिलेले नसते.

पातळी ज्या ठरलेल्या शून्यापासून मोजतात त्याला डेटम म्हणतात. भरतीच्या तक्त्यातील आकडे चार्ट डेटमपासूनचे, म्हणजे सागरी नकाशांच्या शून्यापासूनचे, असतात. जहाजाला तळाशी किमान किती पाणी मिळेल हे कळावे म्हणून हे शून्य ओहोटीच्या खालच्या पातळीजवळ धरलेले असते. मुंबई बंदरासाठी अपोलो बंदर येथील प्रचलित आकडे पाहिले तर सरासरी समुद्रपातळी चार्ट डेटमच्या २.५१ मीटर वर आहे आणि उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या, भरतीची सरासरी पातळी ४.४२ मीटर आहे. म्हणजे सरासरी समुद्रसपाटीपासून मोजले तर हीच उधाणाची भरती १.९१ मीटर ठरते. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या खुणांवरून केलेली मोजणी सरासरी समुद्रसपाटीपासूनची असते. महापालिकेचे ९२ हे तिसरेच प्रकरण आहे. ते टाउन हॉल डेटम, म्हणजे आज एशियाटिक सोसायटी असलेल्या टाउन हॉलशी जोडलेली जुनी पातळी, आणि ते ९२ फूट आहेत, मीटर नव्हेत. सखल भूखंड निदान ९२ टी.एच.डी. (टाउन हॉल डेटम) पर्यंत किंवा शेजारच्या रस्त्याच्या सहा इंच वर, यांपैकी जे उंच असेल तेथपर्यंत भरावा, अशी ती अट असते. या मापाचे शून्य समुद्राच्या पुष्कळ खाली धरलेले असल्यामुळे मीटरमध्ये लिहिताना त्या पातळ्या २७-२८ अशा दिसतात. त्यामुळे एखाद्या नकाशावर २७.६ दिसले म्हणून तिथे टेकडी आहे असे समजू नका. आमच्या कार्यालयातील एका उमेदवाराने ते तसे समजून जागेच्या प्रतिकृतीत टेकडी केली होती. त्याला आम्ही फार हसलो, आणि पुढे चारच महिन्यांत मी त्याच्याहून मोठी चूक केली.

आमच्याकडे बंदर भागात एका निवासी उंच इमारतीचे काम आले होते. जागेचा पातळ्या दाखवणारा नकाशा एका कार्यालयाकडून मिळाला. त्यावर 'सर्व पातळ्या मीटरमध्ये' एवढीच टीप होती आणि जागेची सरासरी पातळी ५.२ होती. मी ती सरासरी समुद्रसपाटीपासूनची आहे असे गृहीत धरले, कारण तोवर मी पाहिलेला प्रत्येक नकाशा तसाच होता. भरतीचे आकडे मात्र चार्ट डेटमपासूनचे असतात हे मला माहीत होते, म्हणून मी मोठ्या जाणकारीने त्यातून २.५१ वजा केले. माझ्या हिशेबाने जमीन उधाणाच्या भरतीच्या ३.२९ मीटर वर होती. त्या भरवशावर मी जमिनीखाली दीड मीटर उतरणारा अर्धतळघराचा वाहनतळ आखला. त्याची फरशी भरतीच्या वर पावणेदोन मीटरहून अधिक राहते, असे छेदात मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवले.

प्रत्यक्षात तो नकाशा बंदराच्या जुन्या कामासाठी केलेला होता आणि त्यातील ५.२ हा आकडा चार्ट डेटमपासूनचाच होता. म्हणजे जमीन उधाणाच्या भरतीच्या जेमतेम ०.७८ मीटर वर, आणि माझ्या वाहनतळाची फरशी ३.७ वर, भरतीच्या ०.७२ मीटर खाली. मला काहीच माहीत नसते आणि ५.२ मधून सरळ ४.४२ वजा केले असते, तर उत्तर बरोबर आले असते. अर्ध्या ज्ञानाने एका बाजूचा आकडा बदलला आणि दुसऱ्या बाजूचा तसाच ठेवला, तिथे घात झाला.

हे उघडकीस आले ते कागदावरून नव्हे. मातीच्या तपासणीसाठी बोअर घेणाऱ्या मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी सांगितले की भोकातील पाणी सकाळी वर होते आणि दुपारी खाली गेले. तिथला वरचा थर दगड-विटांच्या जुन्या भरावाचा होता आणि त्यातून समुद्राचे पाणी आत-बाहेर करीत होते. तोवर महानगरातील एका मोठ्या संरचना-सल्लागाराचे पायाचे प्राथमिक आराखडे झालेले होते. वाहनतळ उचलून पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या पायथ्याच्या रुंद मजल्यांवर, न्यावा लागला, त्यामुळे उंची वाढली, जिने आणि अग्निशमनाचा मार्ग फिरले, आणि दहा आठवड्यांचे काम रद्दीत गेले.

त्या कार्यालयाविषयी चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. नाव लिहीत नाही आणि कृपया विचारूही नये. नकाशा हातात आला त्याच आठवड्यात, 'या पातळ्या कोणत्या डेटमपासून आहेत?' एवढा एका ओळीचा प्रश्न मी लेखी विचारला होता. पहिल्या टेबलावर उत्तर मिळाले की नकाशा दिला आहे म्हणजे तो बरोबरच आहे. दुसऱ्या टेबलावर सांगितले गेले की असा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही, आणि हे वाक्य जणू माझाच दोष असल्यासारखे उच्चारले गेले. तिसऱ्या टेबलावरील गृहस्थ रजेवर होते. ते रजेवरून आले तेव्हा बदली होऊन गेले. लेखी उत्तर आले ते आमचा आराखडा मोडून झाल्यावर, आणि त्यात त्याच नकाशाची आणखी एक छायाप्रत जोडलेली होती. राग त्या मंडळींचा आजही आहे. पण उत्तर नाही म्हणून मी माझ्या सोयीचे शून्य धरले, हा दोष माझाच होता. उत्तर येत नसेल तर परवानाधारक मोजणीदाराकडून जवळच्या सर्वेक्षण खुणेपासून पातळी आणवावी; त्याला लागणारा खर्च दहा आठवड्यांच्या पगारापुढे काहीच नाही.

विद्यार्थी म्हणून तुम्हाला मोजणीदार परवडणार नाही हे मान्य आहे. तुम्ही निदान एक उभी पट्टी काढा आणि तिच्यावर तिन्ही शून्ये, सरासरी समुद्रपातळी, उधाणाची भरती, रस्ता, तुमची जोती आणि सर्वांत वर इमारतीचे टोक दाखवा. टोक यासाठी की विमानतळ प्राधिकरणाची उंचीची परवानगी सरासरी समुद्रसपाटीपासूनच्या पातळीत येते, जमिनीपासून नव्हे. खालची अडीच मीटरची चूक वर जाऊन जवळपास एका मजल्याइतकी होते, आणि परीक्षकांच्या 'इमारतीत काय उतरले?' या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला तरी सुचत नाही.

जागेवर एकदाच जाऊन आलात असे तुमच्या छायाचित्रांवरून वाटते, आणि ती सगळी ओहोटीची आहेत. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, भर दुपारी जा. मुंबईत उधाणाची भरती साधारण बाराच्या सुमारास लागते. तिथीला पाऊण पटीने गुणले की भरतीचा तास मिळतो, हा किनाऱ्यावरील मंडळींचा जुना हिशेब आहे : अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि त्या दिवसांत भरती भांगाची, म्हणजे कमी. तक्ता पाहावाच, पण हा हिशेब डोक्यात असला की कोणत्या दिवशी जाण्यात अर्थ आहे हे बसल्या जागी कळते. भरतीच्या वेळी पर्जन्य जलवाहिन्यांची पातमुखे, म्हणजे त्या समुद्रात उघडतात ती तोंडे, पाहा. समुद्र वर असताना पावसाचे पाणी बाहेर पडत नाही. त्या काही तासांत तुमच्या भूखंडावर पडलेले पाणी कुठे थांबेल, हा जागेच्या अभ्यासातील प्रश्न आहे, नंतर नळकाम पाहणाऱ्याकडे सोपवायचा नव्हे.

पावसाचा आकडा घेतानाही तीच सावधगिरी हवी. तुम्ही सांताक्रूझ वेधशाळेची नोंद लावली आहे. २६ जुलै २००५ रोजी तिथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर. तुमची जागा दक्षिणेकडे असेल तर कुलाब्याची नोंद आधी पाहा आणि दोन्ही शेजारी मांडा.

भरावाकडे तुम्ही जवळजवळ दुर्लक्ष केले आहे. मस्जिद बंदर, चिंच बंदर या नावांत बंदर आहे आणि पाणी आता दूर आहे. मधली जमीन माणसाने टप्प्याटप्प्याने केलेली आहे. प्रिन्सेस डॉक १८८० मधील. तो आणि त्याच्या शेजारचा व्हिक्टोरिया डॉक अलीकडच्या काळात बुजवले गेले. एखादा भूखंड जुन्या गोदीच्या भिंतीवर अर्धा आणि भरावावर अर्धा असू शकतो. आपल्याकडे काळ्या मातीत पाया फुगतो-आकसतो म्हणून आपण खाली मुरूम लागेपर्यंत जातो. तिथे भरावाखाली खाडीचा चिखल, मग मुरूम, मग खडक, आणि खांब खडकात रुतवावे लागतात. जुने नकाशे मिळवून पूर्वीची किनाररेषा तुमच्या भूखंडावर काढा. पूर्व किनाऱ्यावरील दारूखाना या भागाच्या बाजूला असाल तर तिथे जहाजे तोडण्याचा व्यवसाय चालत आला आहे, त्यामुळे मातीत तेल आणि धातू असण्याची शक्यता गृहीत धरूनच तळमजल्यावरील बाग आखावी.

समुद्राचे दृश्य म्हणून तुम्ही सर्व दिवाणखाने पूर्वेला केले आहेत. माझ्या मते ते ठीक आहे, कारण तिथे समुद्र पूर्वेला असल्यामुळे दृश्य आणि दुपारचे ऊन यांचे भांडण होत नाही, जे पश्चिम किनाऱ्यावर हमखास होते. मात्र पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, तो तुमच्या इमारतीच्या पाठीवर. गळतीची काळजी त्या बाजूला घ्यावी. हिवाळ्याच्या पहाटे वारा पूर्वेकडून येतो तेव्हा त्यासोबत बंदराचा आवाज आणि धूळही येते, आणि गोदीचे दिवे रात्रभर चालू असतात. ज्यांनी तिथे एक रात्र काढलेली नाही त्यांनी शयनगृहे पूर्वेला ठेवू नयेत, हे माझे वैयक्तिक मत आहे. ते पटले नाही तर सोडून द्या.

नियमांबाबत एकच सूचना : आपल्याकडे सवयीने बांधकामाची २०२० ची एकत्रित नियमावली उघडली जाते आणि मालकीसाठी सातबारा शोधला जातो. ती नियमावली बृहन्मुंबईला लागू नाही. जमिनीची नोंद मालमत्ता पत्रकावर सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) क्रमांकाने असते आणि बंदराच्या जमिनी बहुधा भाडेपट्ट्याच्या असतात. सागरी किनारा नियमनाची भरतीरेषाही आपण डोळ्यांनी ठरवायची नसते. केंद्राने अधिकृत केलेल्या मोजक्या संस्थांनी आखलेलीच रेषा ग्राह्य धरली जाते, आणि २०११ व २०१९ या दोन अधिसूचनांमध्ये तिच्यापासूनची अंतरे वेगळी आहेत. प्रत्यक्ष कामासाठी हे सर्व त्या क्षेत्रातील जाणकाराकडून तपासून घ्यावे. माझे ज्ञान जुने आहे, हे वर सांगितलेच आहे.

सुट्टीत सांगलीला आलात तर गावभागात एक चक्कर मारा. अनेक घरांच्या भिंतींवर २००५ आणि २०१९ च्या पाण्याच्या खुणा आहेत. दोन्ही महापुरांच्या पुलावरील पातळ्या घेऊन एका उंबऱ्याची पातळी त्या पट्टीवर काढून पाहा. पारदर्शक नळी आणि फूटपट्टी एवढ्यावर हे काम अर्ध्या दिवसात होते. त्यानंतर बंदराच्या जागेचा छेद नव्याने काढून इथे टाका, मी रविवारी पाहीन. नकाशा कोणत्या कामासाठी केला होता हे त्याच्या कोपऱ्यातील टीपेत लिहिले असेल, तर तोही भाग स्पष्ट दिसेल असा जोडावा.