जुनं शीड घ्यायचंय? आधी टेप काढा

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही दोघं नवराबायको ब्रिस्बेनला असतो, रिटायर झाल्यावर ३८ फुटी क्रूझिंग कॅटामरान (दोन हलांची, म्हणजे दोन सांगाड्यांची शिडाची बोट) घेतली, येत्या मे महिन्यात उत्तरेला व्हिटसंडे बेटांपर्यंत जायचा बेत आहे. पण वारा ८ नॉटच्या (ताशी सागरी मैल) खाली गेला की बोट नुसती रांगते आणि शेवटी इंजिन लावावं लागतं. नवीन शीड परवडत नाही. एका रेसिंग बोटीचं जुनं कोड झिरो स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

उत्तर: नका घेऊ, निदान पहिलं शीड म्हणून तरी नको. मेमध्ये उत्तरेला निघालात म्हणजे आग्नेयेचा वारा बहुतेक वेळ मागूनच असणार, आणि कोड झिरो हे आडव्या वाऱ्याचं किंवा त्याहून थोडं वाऱ्याकडे जायचं शीड. शिवाय त्याची पुढची कड, म्हणजे लफ, कडक ताणावी लागते, तो सगळा ताण दोन्ही हल पुढे जोडणाऱ्या आडव्या क्रॉसबीमवर येतो आणि बीम त्यासाठी केलेला नसेल तर वाकतो. बोस्प्रिट (पुढे काढलेला दांडा), फर्लर (शीड गुंडाळायचं साधन), मजबुती हे सगळं धरलं की स्वस्त काहीच राहत नाही.

तुम्ही नायलॉनचा असिमेट्रिक स्पिनेकर, म्हणजे मागच्या वाऱ्याचं मोठं फुगणारं शीड शोधा, सॉकसकट (शिडावर ओढायची लांब कापडी नळी) मिळाला तर उत्तमच, दोघांनाच खाली घेता येतो. कॅटामरानला शीड बाहेर धरायचा पोलही लागत नाही, टॅकला, म्हणजे शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याला दोन दोऱ्या बांधून एकेक दोन्ही हलांच्या टोकाला न्यायची, वारा मागे गेला की टॅक वाऱ्याच्या बाजूला ओढायचा, शीड मेनच्या (मुख्य शिडाच्या) आडोशातून बाहेर येतं आणि भरतं, बघायलासुद्धा इतकं सुंदर दिसतं! फक्त वारा अगदी सरळ पाठीवर घेऊ नका, ८ नॉटच्या वाऱ्यात बोट ४ ने पळाली तर शिडाला उरतो ४च.

आता माप. जाहिरातीत "३८ फुटी बोटीचं शीड" लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही, मोनोहलची, म्हणजे एका हलाच्या बोटीची डोलकाठी वेगळी, तुमची वेगळी. स्पिनेकरच्या हॅलयार्डला (शीड वर चढवायच्या दोरीला) टेप बांधून वर चढवा, टॅक जिथे येणार तिथपर्यंतचं अंतर मोजा आणि शिडाच्या लफशी ताडून बघा. लांब लफ सेलमेकर कापून देतो, आखूड लफ वाढवणं महागात पडतं.

कापड स्वतः हाताळल्याशिवाय पैसे देऊ नका. मी एक शीड बघितलं होतं, रंग झकास, एकही भोक नाही, पण वरच्या कोपऱ्यातल्या शिवणीवर अंगठ्याचं नख फिरवलं तर दोऱ्याचा अक्षरशः भुगा झाला, उन्हाने खाल्लेला. तिन्ही कोपरे आणि कडेच्या टेपा अशाच तपासा, मग कापड उन्हासमोर धरून बारीक भोकं बघा, दोन बोटांत धरून झटका द्या, फाटलं तर तिथेच कळलेलं बरं.

आणि शिडाआधी बोट हलकी करा हो. जास्तीचं पाणी, डिझेल, न लागणारं सामान उतरवा, तळ घासून घ्या. कॅटामरानला वजन फार नडतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. मोनोहल कलून इशारा देते, कॅटामरान तसा देत नाही. खरा वारा, म्हणजे बोट थांबलेली असताना जाणवेल तो, १८ नॉट आणि बोट ८ ने पळतेय तर सरळ मागून शिडावर १०च जाणवतो, सगळं छान वाटतं, आणि त्याच वेळी बोट वाऱ्याकडे वळवलीत की तोच आकडा एकदम वर जातो. म्हणून निर्णय खऱ्या वाऱ्यावर घ्या, पातळ नायलॉन असेल तर १२-१३ नॉट दिसले की सॉक खाली ओढा, आणि रात्री हे शीड वर ठेवू नका.