फेरेट असा का वागतो? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर): आमचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा, लांबट अंगाचा पाळीव प्राणी) एक वर्षाचा आहे. दिवसभर झोपतो, आणि झोपला की उचललं तरी उठत नाही, मान लोंबते. परवा आई तर गेलाच समजून रडायला लागली. मग उठला आणि थरथर कापत बसला. काही आजार आहे का?

ताई, आईंना आधी सांगा की तो ठणठणीत आहे. फेरेट दिवसातले 14 ते 18 तास झोपतो आणि त्यातली काही झोप इतकी गाढ असते की हातात घेतलं तरी ओल्या फडक्यासारखा लोंबतो, फेरेट पाळणाऱ्या बहुतेकांचा जीव एकदा तरी याने खालीवर झालेला असतो. अशा वेळी जोरजोरात हलवू नका. छातीवर बोट ठेवून श्वास बघा, ओठ वर करून हिरड्या गुलाबी आहेत का बघा, आणि नाकाशी उकडलेल्या चिकनचा तुकडा धरा. आधी नाक हलतं, मग मिशा, मग मोठ्ठी जांभई. ती थरथरही काळजीची नाही, झोपेत अंगाचं तापमान उतरलेलं असतं ते चढवायला शरीर कापतं, थोड्या वेळात आपोआप थांबतं.

घाबरायचं कधी ते पण सांगते, कारण हे माहीत नसल्यामुळे उशीर होतो. जागा झाल्यावरही एकटक शून्यात बघतोय, लाळ गळतेय, पुढच्या पंज्यांनी तोंड ओरबाडतोय, मागचे पाय लटपटतायत, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटमध्ये स्वादुपिंडाला जास्तीचं इन्सुलिन बनवणाऱ्या गाठी होतात, त्याने साखर उतरते, हा आजार त्यांच्यात बऱ्यापैकी दिसतो. हिरडीला जरासा मध चोळायचा आणि तडक डॉक्टरकडे. झटका येत असेल किंवा शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल.

आणि ऊन! आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो आणि फेरेटला घाम गाळून अंग थंड करता येत नाही, 27-28 डिग्रीच्या पुढेच त्याचे हाल सुरू होतात, त्यामुळे गच्चीवरची खोली, पत्र्याची शेड, बंद कार हे सगळं त्याच्यासाठी जीवघेणं आहे. घरातली सगळ्यात गार खोली त्याला द्या, एसी असेल तर दुपारभर चालू ठेवा. तोंड उघडं टाकून धापा टाकत फरशीवर पसरला असेल तर त्याला झोप समजून सोडून देऊ नका. पंजे आणि पोट साध्या पाण्याने ओलं करा, बर्फ लावू नका, आणि लगेच निघा. जवळच्या डॉक्टरांनी फेरेट कधी हाताळला नसेल तर इंदूरजवळ महूला व्हेटर्नरी (जनावरांच्या डॉक्टरांचं) कॉलेज आहे, तिथे विचारा. पण ही चौकशी उन्हाळ्याआधीच करून ठेवा.

प्रश्न (रामबाग): संध्याकाळी पाठीची कमान करून आडव्या उड्या मारतो, तोंड उघडतो, शेपटी फुगवतो, डुक-डुक आवाज काढतो आणि सोफ्यावर जाऊन आदळतो. शेजारचे काका म्हणतात पिसाळलाय.

नाही हो दादा, तो खूश आहे! ते खेळायचं आमंत्रण आहे, आणि ते डुक-डुक म्हणजे त्याचं हसणंच समजा. घाबरलेला फेरेट वेगळा ओळखू येतो, शेपटी तेव्हाही फुलते पण तो कोपऱ्यात सरकतो, फिसकारतो, किंचाळतो, घाणेरडा वासही सोडतो. लसीचं मात्र बघा. रेबीज फेरेटला होऊ शकतो, आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर झाला तर फेरेट जवळपास वाचतच नाही, तो विषाणू रस्त्यावरून आपल्या चपलांनी घरात येऊ शकतो. पण कुत्र्याची कॉम्बो (अनेक रोगांवरची एकत्र) लस परस्पर टोचून घेऊ नका, काही लसींनीच फेरेटला आजार होतो. डॉक्टरांना लसीचं नाव विचारा, फेरेटला चालते ना हे पक्कं करा.

प्रश्न (सुदामा नगर): मोजे, किल्ल्या, रिमोट सगळं पळवून पलंगाखाली नेतो. रागवलं तर चावतो.

रागवून उपयोग नाही, सापडलेलं लपवून ठेवणं त्याच्या रक्तात आहे. युरोपात दोन हजार वर्षांपासून सशांना बिळातून हुसकावायला याला पाळतात, म्हणून पँटचा पाय दिसला तरी आत घुसणारच. किल्ल्या गेल्या तर मिळतील, पण रिमोटची रबरी बटणं, इअरफोनचे बड्स, स्पंज, चपलेचा तुकडा हे तो चावून गिळतो आणि आतडं अडकतं. खाणं बंद, ओकारी, शी बंद किंवा अगदी बारीक, यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका. त्याचा साठा अधूनमधून तपासा, रबर काढा, मोजे राहू द्या त्याचे. चावण्याचं म्हणाल तर लहानपणी भावंडांशी खेळताना ते असंच चावतात आणि त्यांची कातडी जाड असते, आपली नाही हे त्याला शिकवावं लागतं. मारू नका, मारलं की जास्त चावतो. चावला की खेळ तिथेच थांबवा, खाली ठेवा, थोड्या वेळाने पुन्हा घ्या. रोज, घरातल्या सगळ्यांनी सारखंच करायचं.

प्रश्न (राजेंद्र नगर): आजोबा सकाळी त्याला पोहे, सेव, जिलबी देतात. आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही, दूध-पोळीवर राहील ना?

नाही राहणार. स्पष्टच सांगते, फेरेट पक्का मांसाहारी आहे. त्याचं आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, धान्य आणि भाज्यांमधलं त्याला फारसं पचतच नाही. गोड तर अजिबात नको, दुधाने जुलाब होतात. घरात मांस शिजवायचं नसेल तर मांसापासून बनवलेलं, भरपूर प्रोटीनचं मांजरीच्या पिल्लांचं कोरडं खाणं आणा आणि वाटी दिवसभर भरलेली ठेवा, त्याला थोडं-थोडं सारखं खावं लागतं. तेही घरात चालणार नसेल तर त्याला चालेल अशा घरी द्या. आणि आजोबांना सेव-जिलबीच्या जागी त्याच खाण्याचे दोन दाणे हातावर ठेवून द्या, भरवायचा आनंद त्यांचाही राहील.