एनआयपीटीसाठी (गरोदर बाईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांतले दोष तपासायची चाचणी) घेतलेलं रक्त दुसऱ्या शहरातल्या लॅबला पाठवायचंय. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये (यातलं रसायन रक्ताची गुठळी होऊ देत नाही) घालून फ्रीजमध्ये ठेवलं तर चालेल का?

रात्रभर ठेवून पाठवणार असाल तर नको. खरी अडचण पांढऱ्या पेशींची आहे. रक्त काढल्यावर त्या हळूहळू फुटतात आणि आईचा डीएनए प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, मिसळतो. बाळाच्या बाजूचा, म्हणजे वारेतून येणारा डीएनए मुळातच थोडा, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. तो आणखी पातळ होतो आणि रिपोर्टच येत नाही. मग गरोदर बाईला पुन्हा सुई, पुन्हा वाट पाहणं. हे टाळता येतं, म्हणून आग्रहाने सांगतोय.

ईडीटीएच वापरायची तर चार ते सहा तासांत सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, प्लाझ्मा वेगळा करा. एकदा 1600 जीवर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर), मग तो प्लाझ्मा नव्या ट्यूबमध्ये घेऊन 16000 जीवर. पहिल्या फेरीनंतर पिपेटचं टोक मधल्या पांढुरक्या थराला लागू देऊ नका, थोडा प्लाझ्मा मागे राहिला तरी चालेल. नंतर हा वेगळा केलेला प्लाझ्मा उणे 80 अंश सेल्सिअसवर गोठवून ठेवा.

कुरिअरने पाठवायचं असेल तर स्ट्रेक कंपनीच्या ट्यूबसारखी, पेशी फुटू न देणारी ट्यूब घ्या, पूर्ण भरा, लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करा. ट्यूबमधलं रक्त मात्र कधीच गोठवू नका. आणि बर्फाच्या पॅकला ट्यूब चिकटू देऊ नका.