फोटो हलवले आणि लाइटरूमला सापडेनात

प्रश्न: लॅपटॉप भरला म्हणून दहा-बारा वर्षांचे फोटो फोल्डरसकट एक्स्टर्नल हार्डडिस्कवर टाकले आणि लॅपटॉपवरचे डिलीट केले, आता लाइटरूम क्लासिक (फोटो लावून ठेवायचं आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर) उघडलं की फोल्डरवर प्रश्नचिन्ह आणि फोटोंवर उद्गारचिन्ह दिसतं. सगळं काढून परत इम्पोर्ट करू का? आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या जुन्या फोटोंच्या तारखा भलत्याच दाखवतात, त्याचं काय?

उत्तर: प्लीज, काहीही रिमूव्ह करू नका! तुमचं एडिटिंग कुठेही गेलेलं नाहीये. लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये फोटो नसतातच, त्यात फक्त नोंद असते की अमुक फोटो अमुक ड्राइव्हवर अमुक फोल्डरमध्ये आहे आणि त्याच्यावर काय काय एडिट केलंय. तुम्ही बाहेरून फोल्डर हलवले, ते कॅटलॉगला कळलंच नाही, म्हणून तो अजून जुन्याच जागी शोधत बसलाय.

हार्डडिस्क जोडा, लायब्ररीत डावीकडे प्रश्नचिन्हवाल्या फोल्डरवर राइट क्लिक करा, ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ घ्या आणि नवीन जागा दाखवा. सगळ्यात वरचा फोल्डर दाखवला की आतले बहुतेक आपोआप जोडले जातात, मी तरी तिथूनच सुरुवात करते. रिमूव्ह करून परत इम्पोर्ट केलं असतं तर कलेक्शन (लाइटरूममध्ये बनवलेले फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या एडिटच्या नोंदी) गेल्याच असत्या, आणि बदल कधी फाइलमध्ये सेव्ह केले नसतील तर एडिटिंगसुद्धा. यासाठी फोटो सिलेक्ट करून कंट्रोल-एस दाबायची सवय लावून घ्या, रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर बाजूला एडिटिंगची माहिती ठेवणारी एक छोटी एक्सएमपी फाइल तयार होते, जेपेग असेल तर माहिती त्याच फाइलमध्ये जाते. इथून पुढे फोल्डर हलवायचा, नाव बदलायचं, काहीही करायचं तर लाइटरूमच्या आतूनच करा.

तारखांचं म्हणाल तर व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली एक्झिफ माहिती, म्हणजे काढल्याची तारीख, कॅमेरा वगैरे निघून जाते. मग सॉफ्टवेअर फाइलची तारीख धरतं. असे फोटो निवडून मेटाडेटा मेन्यूतून ‘एडिट कॅप्चर टाइम’ ने अंदाजे का होईना तारीख भरा, स्कॅन केलेल्या फोटोंनाही हेच लागू. आणि मूळ फोटो ज्याच्याकडे असेल त्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, तसं केलं तर तारीखही टिकते आणि क्वालिटीही.

फोल्डरची नावं 2019-05-12 अशी वर्ष-महिना-दिवस ठेवा म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर ओळीने लागतील, माणसांची आणि प्रसंगांची नावं कीवर्डमध्ये, म्हणजे फोटोला जोडायच्या शोधशब्दांमध्ये टाका.

अजून एक, आणि याची मला खरंच काळजी वाटते. लाइटरूम बंद करताना बॅकअप घेतं ना, तो फक्त कॅटलॉगचा असतो, फोटोंचा नाही! तुमचे दहा-बारा वर्षांचे फोटो सध्या एकाच हार्डडिस्कवर आहेत. दुसरी डिस्क आणून आधी त्यांची कॉपी करा, कीवर्ड आणि तारखा नंतर निवांत भरता येतील.