निवृत्तीनंतर बाबा गप्प झालेत. सिनेमा आणि आठवणींतून त्यांचं मन कळेल का?

हो, पण सिनेमा आधी आणि प्रश्न नंतर. ठाण्याच्या वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीत नोकरी करत उभी हयात घालवलेल्या माणसाला समोर बसवून ‘आता कसं वाटतं?’ विचारलंत, तर ‘बरं आहे’ एवढंच हाती लागेल. पडद्यावरच्या माणसाबद्दल मात्र तेच बाबा भरभरून बोलतील.

‘द लंचबॉक्स’ (2013) लावा. त्यात इरफान खान निवृत्तीला आलेला कारकून आहे. एकदा बाथरूममध्ये त्याला आजोबांच्या अंघोळीनंतर यायचा तोच वास येतो आणि लक्षात येतं, की हा वास आपलाच आहे. गाडीत एक तरुण उठून त्याला जागा देऊ करतो. सिनेमा संपल्यावर लगेच चर्चा नको. दुसऱ्या दिवशी तलावपाळीला फेरी मारताना सहज विचारा, ‘बाबा, तुम्हाला लोकलमध्ये पहिल्यांदा कोणी जागा दिली?’

मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकॲडम्स यांनी तयार केलेल्या मुलाखतीच्या पद्धतीत आयुष्याची पुस्तकासारखी प्रकरणं पाडायला सांगतात. मग सर्वांत आनंदाचा, सर्वांत वाईट आणि वळणाचा प्रसंग विचारतात. हे घरीही जमतं. माझ्या सासऱ्यांनी पहिलं प्रकरण गावच्या भजनी मंडळाचं सांगितलं. ते पखवाज वाजवायचे, हे तोवर सासूबाई सोडून घरात कोणालाच ठाऊक नव्हतं! नोकरीआधीचा माणूस असा सापडतो, म्हणून मला ही पद्धत फार मोलाची वाटते.

झोप, जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा 14416 वर मोफत आहे.