कापडाची कात्री आणि दुधाची पिशवी

ताई, मी नऊ वर्षं घरी ब्लाऊज शिवते. माझं आपलं थोडंफार शिवण. पण मशीनवर बसले की हाक आलीच. गॅसवाला, लाइटबिल, भाच्याला शाळेतून आणणं, सगळं माझ्याकडे, कारण 'ती घरीच असते.' मिस्टर म्हणतात, एवढी दगदग कशाला? आता वन्संच्या सासरी लग्न आहे. पाच ब्लाऊज आलेत, पैशांचं कुणी बोलत नाही. माझी कापडाची कात्रीसुद्धा दुधाची पिशवी कापायला नेतात. घरच्यांना कसं समजावू?
– एक वाचक, सातारा

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा कात्रीपाशी थांबले. प्लॅस्टिक कापलेली कात्री पुढे सिल्कचं कापड नुसती चावते. गिऱ्हाइकाच्या काठापदराच्या कापडावर ती चालवताना हात कसा थरथरतो, हे शिवणाऱ्या बाईलाच ठाऊक.

पण एक सांगते, रागावू नका. 'माझं आपलं थोडंफार शिवण' हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. छापताना आम्ही एकदाच ठेवलं. मग सासूबाईही पाहुण्यांना 'ती आपलं थोडंफार शिवते' असंच सांगणार, वेगळं काय सांगतील?

म्हणून समजावायला बसूच नका. आधी वही काढा, मापांची नव्हे, पैशांची. महिन्याला पंचवीसेक ब्लाऊज होतात आणि अस्तरासकट साडेचारशे घेता, असं तुम्ही पुढे लिहिलंय. म्हणजे ११,२५० रुपये. अस्तर, दोरा, हूक, वीज यांचे ब्लाऊजमागे सव्वाशे धरले, तरी आठ हजारांच्या वर उरतात. कुठे जातात? भाजी, दूध, भिशी, कुणाचा तरी वाढदिवस. पाण्यात साखर विरघळावी तसे. गोड लागतं सगळ्यांना, दिसत नाही कुणालाच. उद्यापासून ते पैसे तुमच्या वेगळ्या खात्यात घ्या आणि घरातला एकच ठळक खर्च तिथून करा. मुलाच्या क्लासची फी म्हणा. 'फी मी भरली' एवढंच सांगायचं, भाषण नको.

मुंबईच्या गिरणगावात बायका घरात रांधून गिरणी कामगारांना जेवू घालायच्या. वर्षानुवर्षं वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. त्यांनाही कुणी धंदेवाईक म्हणत नव्हतं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकेचा हप्ता सुरू झाला की चपात्यांचा हिशोब ठेवावाच लागतो, मग ते 'घरचंच काम' राहत नाही. तुम्हीही उद्यम नोंदणी, म्हणजे आपल्या छोट्या धंद्याची सरकारी नोंद, करून टाका. सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते, एक रुपयाही लागत नाही. हजार-पाचशे मागणाऱ्या एजंटाला लांबूनच नमस्कार. हा कागद सासूबाईंना दाखवायला नाही बरं का. उद्या ओव्हरलॉक मशीनसाठी कर्ज मागाल, तेव्हा कामाला येईल.

वेळेचं म्हणाल, तर अकरा ते दोन आणि चार ते सहा मशीन. फोनवर गिऱ्हाइकालाही हीच वेळ सांगा. रात्री नऊला हूक लावून घ्यायला येणारीला तुम्हीच दार उघडत असाल, तर घरच्यांनी तुमची वेळ का पाळावी? भाच्याला आणायचं काम महिनाभर मिस्टरांकडे किंवा त्याच्या आईबापांकडे. पहिले आठ दिवस तोंडं वाकडी होतील, होऊ द्यात.

मिस्टर मला वाईट वाटले नाहीत. 'दगदग कशाला' म्हणणाऱ्या माणसाला आकडा माहीत नसतो बहुधा. महिन्याअखेरीस वही त्यांच्यासमोर ठेवा आणि बेरीज त्यांनाच करू द्या.

राहिल्या वन्सं. इथे मात्र बोलावंच लागेल, आणि कापड कापायच्या आधी. "वन्सं, तुमच्या ब्लाऊजची शिलाई माझ्याकडून आहेर. बाकी चौघींना साडेचारशे पडतील, निम्मे आधी द्यायला सांगा." हसून म्हणा, पण म्हणा. त्या रुसल्या तर लग्नापर्यंतच रुसतील. ब्लाऊज तुमच्याकडे आहेत.

आणि आज संध्याकाळी बाजारात जाऊन एक स्वस्तातली कात्री आणा. स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्याच्या वर खिळा ठोकून तिथे अडकवा. तुमची कपाटात, किल्ली तुमच्या कमरेला.