रॅम बिघडलेली नाही, तरीही कायद्याच्या भाषेत ‘दोष’ आहे

प्रश्न : मी साताऱ्यात राहते. 9 ऑगस्ट 2025 रोजी पुण्यातील एका दुकानातून मुलासाठी गेमिंगचा संगणक जुळवून घेतला. मुलाच्या यादीत 32 जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे 64 जीबी रॅम (संगणकाची तात्पुरती मेमरी) होती. दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले, ‘16 च्या चार घ्या, चारही स्लॉट भरले की वेग वाढतो, दिसायलाही छान, 6000 वर आरामात चालेल.’ आम्ही ते मानले. आता चारही स्टिक लावून 6000 चा वेग ठेवला की संगणक सुरूच होत नाही किंवा खेळ मध्येच बंद पडतो. 3600 वर मात्र चालतो. दुकानदार म्हणतो, रॅम उत्तम आहे, तुमच्या मुलानेच बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) ढवळाढवळ केली. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले आहे. त्याच दुकानाने लेखी कोटेशनमध्ये ‘गिगाबिट राउटर’ (1000 एमबीपीएसपर्यंत वेग देणारा) लिहून दिलेल्या राउटरवर, आमची जोडणी 300 एमबीपीएसची असूनही, 95 च्या वर वेग मिळत नाही. राउटरचे पक्के बिल नाही, कच्ची चिठ्ठी आहे. मुलगा अधूनमधून लग्नाचे व्हिडिओ संपादित करून थोडे पैसे मिळवतो. आम्हाला ग्राहक आयोगाकडे जाता येईल का?

उत्तर : जाता येईल; परंतु आपण पत्रासोबत जोडलेला नोटिशीचा मसुदा आहे तसा पाठवू नये, ही माझी पहिली विनंती. त्यात आपण ‘खराब रॅम गळ्यात मारून फसवणूक केली’ असे लिहिले आहे, आणि नेमकी तीच गोष्ट आपल्याला सिद्ध करता येणार नाही. उद्या या चार स्टिक एकेक करून तपासल्या तर चारही उत्तीर्ण होतील, असे आपण दिलेल्या लक्षणांवरून दिसते. आणि तक्रारीचा पायाच ‘रॅम खराब आहे’ हा असेल, तर तो तपासणी अहवाल सामनेवाल्याच्या, म्हणजे दुकानदाराच्या, हाती आयते शस्त्र ठरेल.

मुळात अडचण स्टिकमध्ये नसून त्यांच्या संख्येत आहे. आपल्या बिलावर रायझन 7 7800 एक्स3डी हा प्रोसेसर आहे. या मालिकेसाठी निर्मात्याने स्वतः जाहीर केलेला मेमरीचा वेग दोन स्टिक असताना 5200 आणि चार स्टिक असताना 3600 इतकाच आहे. रॅमच्या खोक्यावरचा 6000 हा आकडा ‘एक्स्पो’ नावाच्या सेटिंगने गाठायचा वाढीव वेग असतो. दोन स्टिकच्या किटवर तो सहसा मिळतो, चार स्टिकवर मिळेलच असे नाही. शिवाय दुकानदाराने दोन स्वतंत्र किट मिळून चार स्टिक दिलेल्या आहेत, आणि रॅमचे निर्माते एकत्र तपासून बंद केलेल्या किटचीच हमी देतात, दोन किट एकमेकांशी जुळतील याची नाही. चार स्लॉट भरल्याने वेग वाढतो हा तर सरळ गैरसमज आहे. मेमरीच्या मार्गिका दोनच असतात आणि त्या दोन स्टिकनेही भरतात. आपल्या मुलाची मूळ यादी बरोबर होती, हे त्याला माझ्यातर्फे सांगावे.

आता कायद्याकडे येऊ. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(10) मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या आहे आणि ती दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या व्याख्येपेक्षा पुष्कळ व्यापक आहे. कायद्याने किंवा कराराने अपेक्षित असलेल्या दर्जात उणीव असणे हा जसा दोष आहे, तसाच विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल त्याच्या तुलनेत वस्तू उणी पडणे हाही दोषच आहे. म्हणजे स्टिक बिघडलेली असण्याची गरज नाही. ‘चार घ्या, 6000 वर आरामात चालेल’ असे म्हणून दिलेला संच 6000 वर चालत नाही, एवढे दाखवणे पुरेसे आहे. वस्तूच्या उपयुक्ततेबद्दल किंवा दर्जाबद्दल चुकीचे विधान करणे, मग ते तोंडी असो, लेखी असो वा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असो, कलम 2(47) नुसार अनुचित व्यापारी प्रथेतही मोडते. दुकानदाराने संगणक जुळवूनही दिला असल्यामुळे, सांगितलेल्या वेगावर तो न तपासता हवाली करणे ही कलम 2(11) खालील सेवेतील त्रुटी ठरते, असाही मुद्दा आपण घ्यावा.

याला दुसरा आधार वस्तू विक्री कायदा, 1930 च्या कलम 16 चा आहे. खरेदीदाराने वस्तू कशासाठी हवी हे विक्रेत्याला कळवले आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असेल अशी अट करारात न लिहिताही गृहीत धरली जाते. मात्र याच कलमात एक अपवाद आहे, आणि सामनेवाल्याचा वकील तो काढल्याशिवाय राहणार नाही : ग्राहकाने विशिष्ट व्यापारी नावाने ठरावीक वस्तूच मागितली असेल, तर ही अट लागू होत नाही. म्हणून निवड कोणी केली हा प्रश्न कळीचा आहे. आपल्या बाबतीत मुलाची यादी एक होती आणि दुकानदाराने ती बदलायला लावली, हे त्याच्याच संदेशात आहे. आपल्या सगळ्या प्रकरणात त्या संदेशाइतका मोलाचा दुसरा कागद नाही.

तो जपावा. मोबाइल बदलू नये, संभाषण पुसू नये, आणि केवळ त्या ओळीचे चित्र न काढता यादी पाठवल्यापासून मान्यता देईपर्यंतचे संपूर्ण संभाषण तारखांसह उतरवून घ्यावे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांनी न्यायालयाइतके काटेकोर बांधलेले नसले, तरी ते जोडलेले बरे. त्याचबरोबर एक चित्रफीत करावी : दोन स्टिक लावून एक्स्पो सुरू केल्यावर संगणक 6000 वर चालतो, आणि त्याच सेटिंगवर चार लावल्यावर चालत नाही. स्टिकवरचे अनुक्रमांक त्यात दिसू द्यावेत.

बायोसमधील ‘ढवळाढवळी’चा आरोप मला फारसा गंभीर वाटत नाही, कारण एक्स्पो हा मदरबोर्डच्या निर्मात्यानेच दिलेला पर्याय आहे आणि 6000 चा वेग तो सुरू केल्याशिवाय मिळतच नाही, दुकानदाराने 6000 चे आश्वासन दिले तेव्हाच तो सुरू करण्यास सांगितल्यासारखे झाले. परंतु जाहीर मर्यादेपलीकडच्या वेगाने काही जळाले तर प्रोसेसरचा निर्माता वॉरंटी नाकारू शकतो. म्हणून प्रकरण मिटेपर्यंत मुलाने व्होल्टेजचे आकडे हाताने बदलू नयेत आणि संगणक 3600 वरच वापरावा. आज आपली बाजू स्वच्छ आहे. एखादा स्लॉट जळाला तर ती तशी राहणार नाही.

बिलावरील छापील ओळीला मी महत्त्व देत नाही. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीच कलम 2(47) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर तीस दिवसांत तो परत घ्यावा लागतो. आपण दुकानदाराला पहिल्यांदा केव्हा कळवले हे पत्रात नाही. ती तारीख शोधून ठेवावी.

राउटरचा मुद्दा तुलनेने सोपा आहे, पण आरोप करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. इंटरनेट पुरवठादाराच्या यंत्राला लॅपटॉप थेट तारेने जोडून वेग मोजावा. तेथे 300 च्या आसपास मिळाला तर पुरवठादाराला या वादात ओढू नये. मग तार बदलून पाहावी, कारण गिगाबिटला तारेतील चारही जोड्या लागतात आणि एखादी तुटली की वेग मुकाट्याने 100 वर येतो. एवढे करूनही 95 वरच अडले, तर राउटरचे पोर्टच, म्हणजे तार जोडण्याच्या जागाच, 100 चे असणार. आपण नोटिशीच्या मसुद्यात लिहिलेले राउटरचे ‘एसी 1200’ हे वर्णन त्याच्याशी जुळते, कारण त्या वर्गातील अनेक राउटरांचे वायफाय वेगवान असले तरी पोर्ट 100 चेच असतात. तसे असेल, तर कोटेशनमध्ये ‘गिगाबिट’ लिहून दुसरीच वस्तू देणे हा वर्णनाबरहुकूम माल न देण्याचा, म्हणजे 1930 च्या कायद्यातील कलम 15 चा भंग आहे. मात्र 1200 चा वेग प्रत्यक्षात मिळत नाही ही तक्रार नोटिशीतून काढून टाकावी. तो आकडा 300 आणि 867 अशा वायफायच्या दोन वारंवारता-पट्ट्यांच्या सैद्धांतिक वेगांच्या बेरजेवरून ठेवलेला असतो. त्यावर भांडल्याने आपलेच बळकट मुद्दे पातळ होतील.

कच्च्या चिठ्ठीने दावा बुडत नाही. बिल न देणे हीच अनुचित प्रथा आहे, आणि यूपीआयने दिलेल्या रकमेची नोंद, कोटेशन व खोक्यावरचा अनुक्रमांक यांवरून खरेदी दाखवता येते. अर्थात कर वाचतो म्हणून आपणही ती चिठ्ठी स्वीकारली असेल, तर उलटतपासणीत थोडे अवघडल्यासारखे होईल, हे मनाशी धरून असावे. मुलाच्या कमाईचा उल्लेखही लपवू नये. व्यापारी हेतूने खरेदी करणारा ‘ग्राहक’ नसतो हे खरे; पण हा संगणक मुख्यतः घरगुती वापरासाठी आहे, आणि स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी केलेला वापर कायद्याने व्यापारी हेतूतून वगळलेला आहे.

आता मागायचे काय? येथे थोडा व्यवहार पाहावा लागेल. 2025 च्या अखेरीपासून मेमरीचे भाव खूप चढले आहेत. त्यामुळे नोटीस मिळताच दुकानदार एकाएकी उदार होऊन ‘रॅम आणून द्या, बिलातली रक्कम घेऊन जा’ असे म्हणू शकेल, आणि ऑगस्टच्या भावाने परत घेतलेल्या स्टिक आजच्या भावाने विकेल. त्या रकमेत आपल्याला आज 64 जीबी मिळणार नाही. म्हणून पहिली मागणी 32 जीबीच्या दोन स्टिकचे, 6000 वेगाचे एकच किट बदलून देण्याची असावी. ते शक्य नसल्यास रक्कम व्याजासह आणि त्याशिवाय भावातील फरक नुकसानभरपाई म्हणून. मानसिक त्रासापोटी आपण मसुद्यात लिहिलेले पाच लाख मात्र खोडावेत. अशा आकड्यांनी मूळ मागणीचे गांभीर्य कमी होते, असा माझा अनुभव आहे.

सुधारलेली नोटीस स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्यावी. दरम्यान 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेथे निवाडा होत नाही, पण पुष्कळ दुकानदार तेवढ्याने बोलायला तयार होतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. कलम 34 नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथेही तक्रार दाखल करता येत असल्यामुळे आपल्याला पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. साताऱ्याच्या आयोगात, तेही ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून, ती दाखल होईल. मोबदल्याची, म्हणजे खरेदीपोटी दिलेली, रक्कम पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. खरेदीच्या तारखेपासून मोजली तरी ती ऑगस्ट 2027 पर्यंत जाते.

तक्रारीची मांडणी दाव्याभोवती ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. वस्तूतील दोष प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर कलम 38 नुसार नमुना मोहोरबंद करून पाठवावा लागतो आणि निकालाची अपेक्षित मुदत तीन महिन्यांऐवजी पाच महिन्यांची होते. प्रत्यक्षात दोन्हींपेक्षा अधिक काळ लागतो, हे वेगळे सांगायला नको. आपला मुद्दा दुकानदाराचा संदेश, प्रोसेसरच्या निर्मात्याचे जाहीर तपशील आणि आपले शपथपत्र यांवर उभा राहत असेल, तर रॅम प्रयोगशाळेत पाठवण्याचे कारण उरत नाही.

नोटिशीनंतर दुकानदार तडजोडीला तयार झाला, तर स्टिक त्याच्या हाती देण्यापूर्वी चारही अनुक्रमांक, बदल्यात काय मिळणार आणि किती दिवसांत, हे त्याच्या सही-शिक्क्यानिशी लिहून घ्यावे. आणि तोवर राउटरचे खोके टाकून देऊ नये.